काळ्या मातीवर पडलात तर: डर्ट ट्रॅकवरची जबाबदारी, पुरावा आणि भरपाई

मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल रेसमध्ये माझा पाय मोडला त्या दिवशी मला स्ट्रेचरवरून नेत असतानाच मागे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. पुढची हीट, म्हणजे रेसची पुढची फेरी, लावायची होती, म्हणून आयोजकांनी फळी फिरवून टेबलटॉपची (वर सपाट असलेल्या उडीच्या उंचवट्याची) उतरण सारखी करून टाकली. मी ज्या चिखलावर घसरलो, तो अर्ध्या तासात दिसेनासा झाला. माझा भाचा त्याआधी मोबाईल घेऊन तिथे पोचला होता, म्हणून पुढचं सगळं जमलं. पडलेल्या माणसाकडे चार जण धावतातच. एकाने जमिनीकडे धावायचं, हे रेसच्या आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

माझं धुळ्याला देवपुरात गॅरेज आहे. बारा वर्षं डर्ट रेस केल्या, आता पोरांच्या गाड्या तयार करून देतो. आपल्या खानदेशातल्या ट्रॅकचा खरा धोका काळ्या जमिनीत आहे. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात. मुरमाच्या ट्रॅकवर ते मुरून जातं. कपाशीची काळी माती मात्र पाणी धरते आणि फुगते. वरचा बोटभर थर लोण्यासारखा होतो आणि खालची जमीन तशीच टणक राहते. टायरच्या खाचा मातीने भरल्या की पकड संपली. त्यात टँकर जिथे उभा राहतो तिथे ठिबकून डबकं होतं. माझ्या वेळी तो नेमका उतरणीच्या पायथ्याशी उभा केला होता. ती जागा उडी घेण्याआधी दिसतच नाही.

म्हणून ट्रॅक वॉक, म्हणजे रेसआधी ट्रॅक पाहायची फेरी, पायीच करा, गाडीवर बसून नको. बुटाची टाच रोवून फिरवा. टाच सरकली आणि तळाला चकचकीत थर चिकटला, तर तिथे पुढचं चाक टिकणार नाही. मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवर झेंडा दाखवणाऱ्याच्या, कानावर घालून मोकळे होऊ नका. क्लर्क ऑफ द कोर्सला, म्हणजे रेस चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला, लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिलंत तरी चालेल: "सकाळी ११.२०, टेबलटॉपच्या उतरणीवर डावीकडे पाणी साचले आहे, दुरुस्त केल्याशिवाय हीट सोडू नये." पण एवढं लिहूनही उतरलात, तर नंतर पहिला प्रश्न येतो, दिसत होतं तर गेलात कशाला? आणि तुमचीही चूक धरून भरपाई कमी होऊ शकते. तेव्हा ऐकलं नाही तर गाडी लावू नका. यात भित्रेपणा नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला, नव्याने डांबर टाकलेल्या ट्रॅकवर पाणी साचलं. शनिवारच्या सरावात रायडर टिटो राबात घसरला आणि मागून घसरत आलेल्या दुसऱ्या गाडीने त्याचा पाय मोडला. रविवारी प्रेक्षक तासन्‌तास पावसात बसून होते, तरी मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलच्या जागतिक स्पर्धेची, शर्यत रद्द झाली.

अपघात झालाच, तर व्हिडिओत जागा ओळखू येईल अशी खूण हवी: फ्लॅग पोस्ट, बॅनर, टँकर. चिखलात बूट ठेवून खोली दाखवा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या आणि तो फोन विकू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

दवाखान्यात खरं सांगा. आपल्याकडे सर्रास सांगतात, "जिन्यावरून पडला." विमा मिळावा म्हणून आप्तच शिकवतात, मलाही माझ्या मोठ्या भावाने तेच सांगितलं होतं. केसपेपरवर जिना लिहिला गेला की आयोजकावरचा दावा तिथेच मेला. रेसमध्ये पडलो म्हणा, जागा आणि वेळ लिहून घ्या, एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) करायला लावा.

गाडीच्या पॉलिसीवर भिस्त ठेवू नका, आयोजित शर्यत तिच्यातून वगळलेली असते. आरोग्य विम्याचं वेगळं आहे. तिथलं ठरलेलं कलम मोटर रेसिंग वगळतं, पण व्यावसायिक म्हणून भाग घेतला असेल तर. तुम्ही हौशी असाल आणि क्लेम नाकारला, तर त्याच शब्दावर बोट ठेवून आधी कंपनीकडे तक्रार करा, मग विमा लोकपालाकडे जा. आयोजकाने स्पर्धकांचा अपघात विमा काढला असेल, तर त्याचा पॉलिसी नंबर एन्ट्री भरतानाच मागा.

आता तो फॉर्म, ज्यावर आपण न वाचता सही करतो. "सर्व जबाबदारी माझी." या सहीने तुम्ही खेळातला धोका पत्करता. उडीच्या पायथ्याशी टँकर उभा करण्याचा निष्काळजीपणा त्यात येत नाही. नोटीस आली की आयोजक तो कागद पुढे करतोच, घाबरू नका. एन्ट्री फीची पावती असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे रेस नाशिकला झाली तरी धुळ्यात किंवा जळगावात. तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम, म्हणजे एन्ट्री फी, पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, वकील लावायची सक्तीही नाही. स्पर्धक हा ग्राहक नाही, असा बचाव येईल. पैसे देऊन सुरक्षित ट्रॅक, मार्शल आणि रुग्णवाहिका या सेवा घेतल्या, असं तक्रारीत स्पष्ट लिहा.

माझं प्रकरण नोटिशीवरच मिटलं. भाच्याचा व्हिडिओ पाहून त्यांनी दवाखान्याचं बिल आणि चार महिने बंद राहिलेल्या गॅरेजचे पैसे दिले. गॅरेजचं नुकसान मी उधारीच्या वहीवरून आणि बँकेच्या पासबुकावरून दाखवलं. पण समजुतीच्या कागदावर "यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही" असं होतं आणि मी सही केली. नडगीतली प्लेट तेव्हा आतच होती. डॉक्टरांकडून पुढच्या ऑपरेशनचा अंदाजित खर्च लिहून घ्या आणि तो कागदात घातल्याशिवाय सही करू नका. दीड वर्षाने प्लेट काढली, ते ३८ हजार मी घरून भरले.