ग्राफिक्स कार्ड किती तापलं तर चालतं, आणि कधी हात घालायचा

गेम खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात ७८ डिग्री दिसलं की लोकांचा जीव टांगणीला लागतो, कार्ड जळणार, गेलं आता, असं वाटायला लागतं. तर आधी हेच सांगतो, ७८ ला काहीही होत नाही, निवांत खेळा. पण उलटंही खरंय. माझं एक कार्ड फक्त ७४ दाखवायचं आणि आतून त्याची पार वाट लागलेली होती, ते मला कळायला दोन महिने गेले कारण मी एकाच आकड्याकडे बघत बसलो होतो. म्हणून हे नीट लिहितोय. नुसतं "किती डिग्री" एवढं बघून भागत नाही, कशापेक्षा किती जास्त ते बघावं लागतं.

आधी आकडे. डेस्कटॉपवर भारी गेम अर्धा तास खेळल्यावर जीपीयू (कार्डावरची मुख्य चिप) टेंपरेचर ६० ते ७५ मधे असेल तर झकास, ८३ पर्यंत पण नॉर्मल, ८५ च्या वर कायम राहत असेल तर हवा कुठे अडतेय ते शोधा, आणि ९० ला टेकत असेल तर कारण सापडेपर्यंत तो गेम परत लावू नका. हे ८३ मी मनानं सांगत नाहीये, एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांचं टार्गेटच त्याच्या आसपास ठेवलेलं असतं, म्हणजे कार्ड तिथे पोचलं की स्वतःच क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, हळूहळू खाली आणून तिथेच थांबायचा प्रयत्न करतं. कंपनीने दिलेली कमाल मर्यादा त्याहून वर असते, जीटीएक्स १०८० ला ९४, आरटीएक्स ३०८० ला ९३, आरटीएक्स ४०९० ला ९०. त्याच्याही वर गेलं तर कार्ड आधी स्पीड जोरात कापतं आणि तरी थांबलं नाही तर सरळ बंद पडतं. म्हणजे अचानक जळून जाणं फार अवघड आहे, खरा त्रास होतो तो वर्षानुवर्षं वरच्या टोकाला चालवल्याने, चिप आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्या मधली पेस्ट सुकते, मेमरीवरचे उष्णता नेणारे पॅड कडक होतात, फॅनचे बेअरिंग वाजायला लागतात.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या मर्यादा तुम्हाला घरीच बघता येतात, वेगळं काही डाउनलोड करायला नको. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एनव्हिडिया-एसएमआय असं इंग्रजीत सगळं स्मॉल अक्षरांत लिहा, पुढे स्पेस देऊन डॅश क्यू, परत स्पेस, डॅश डी, आणि मग कॅपिटलमधे टेंपरेचर. आत्ताचं टेंपरेचर, टार्गेट, स्लोडाउन, शटडाउन सगळं समोर येतं, कार्ड आणि ड्रायव्हरप्रमाणे आकडे मांडायची पद्धत थोडी बदलते एवढंच.

एएमडीवाल्यांनी घाबरायचं नाही. तिथे जंक्शन टेंपरेचर म्हणून एक आकडा दिसतो आणि तो नेहमीच्या जीपीयू टेंपरेचरपेक्षा बराच वर असतो. २०१९ मधे आरएक्स ५७०० एक्सटी आलं तेव्हा ११० बघून लोक हादरले होते आणि एएमडीने स्वतः सांगितलं की गेमिंगमधे जंक्शन ११० पर्यंत जाणं स्पेकमधेच आहे. तेव्हा जंक्शन ९५ दिसलं म्हणून कार्ड खोलायला जाऊ नका. पण सगळा वेळ ११० लाच चिकटून असेल आणि क्लॉक पडत असेल तर मात्र कूलर नीट बसलेला नाही किंवा हवाच मिळत नाहीये.

हे जंक्शन म्हणजेच हॉटस्पॉट. चिपवर ठिकठिकाणी बरेच सेन्सर असतात आणि त्यातला जो सगळ्यात तापलेला असेल त्याचा आकडा म्हणजे हॉटस्पॉट. साधं जीपीयू टेंपरेचर आणि हॉटस्पॉट यात १० ते १५ डिग्रीचा फरक असणारच, तो निरोगी कार्डातही असतो, एएमडीवर थोडा जास्तही चालतो. पण तोच फरक २५, ३० व्हायला लागला की समजायचं चिप आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट गेली किंवा कूलर एका बाजूने उचलला गेलाय. माझ्या त्या कार्डाचं हेच झालं होतं, कोअर (म्हणजे साधं जीपीयू टेंपरेचर) ७४ आणि हॉटस्पॉट १०३. फॅन बोंबलत होते, गेम मधेच अडखळायचा, आणि मी ७४ बघून ड्रायव्हरला दोष देत होतो. आरटीएक्स ५००० सिरीजवर हा हॉटस्पॉट सॉफ्टवेअरमधे दिसत नाही, तिथे फॅनच्या स्पीडवर नजर ठेवा, टेंपरेचर तेवढंच पण फॅन आधीपेक्षा जास्त फिरतायत म्हणजे आत काहीतरी बिघडतंय.

तिसरा आकडा मेमरीचा, आणि तो बहुतेक लोक बघतच नाहीत. आरटीएक्स ३०८०, ३०९० मधे जी जीडीडीआर६एक्स मेमरी आहे ती प्रचंड तापते, ३०९० ला तर निम्म्या चिप कार्डाच्या मागच्या बाजूला आहेत जिथे फॅनच नाही. ही मेमरी ११० ला पोचली की कार्ड स्वतःला आवरतं, कोअर बिचारा ६८ वर आणि तरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) पडलेले. गेममधे मेमरी ९५ च्या खाली राहिली तर मी काळजी करत नाही, १०० च्या वर सतत दिसली की हवा आणि पॅड बघतो.

हे सगळं बघायचं कुठे? विंडोजच्या टास्क मॅनेजरमधे २०२० पासून जीपीयू टेंपरेचर दिसतं पण हॉटस्पॉट, मेमरी नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम टाका, फक्त सेन्सर्स उघडा आणि खेळून झाल्यावर मॅक्सिममचा कॉलम बघा. खेळताना स्क्रीनवर हवं असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं.

आणि मोजायची पण एक रीत ठेवा. गेममधली एकच जागा ठरवा, एकच सेटिंग, अर्धा तास खेळा कारण पहिली दहा मिनिटं हीटसिंक तापतच असतो, आणि मग चार गोष्टी लिहून ठेवा, कोअर, हॉटस्पॉट, मेमरी, खोलीचं टेंपरेचर. खोलीचं लिहायला अजिबात विसरू नका, खोली १० डिग्रीने तापली की कार्ड पण जवळपास तेवढंच वर जातं, २२ च्या खोलीत ७० असलेलं कार्ड ३२ च्या खोलीत ८० दाखवणार आणि त्यात कार्डाचा काही दोष नाही. फरमार्कसारख्या टेस्टचे आकडे यात धरू नका, तेवढा लोड गेम देतच नाही.

आता तापतंय म्हटल्यावर करायचं काय. सगळ्यात आधी कॅबिनेटचं साइड पॅनल काढा आणि तोच गेम परत खेळून बघा. पाच-सात डिग्री उतरलं तर दोष कार्डाचा नाही, कॅबिनेटचा आहे, पुढून हवा आत येत नाहीये. समोरची जाळी साफ करा, पुढे दोन फॅन आत घेणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा एवढं असलं तरी पुष्कळ होतं. पॅनल काढून काहीच फरक पडला नाही तर कार्डाकडे वळायचं.

धूळ काढताना पीसी बंद, वायर काढलेली, आणि फॅनची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर हवेच्या झोताने फॅन वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. घरातला व्हॅक्युम क्लीनर लावू नका, स्टॅटिकचा धोका असतो.

मग एफपीएस कॅप, म्हणजे फ्रेमवर मर्यादा, ही फुकटची गोष्ट आहे आणि लोक करत नाहीत. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि गेम २६० एफपीएस काढतोय म्हणजे वरचं सगळं नुसतं उष्णतेत गेलं. मेनू स्क्रीन तर फार धोक्याची, तिथे काढायला काहीच नसतं म्हणून कार्ड हजारो फ्रेम काढत सुटतं. २०१० मधे स्टारक्राफ्ट २ आला तेव्हा मेनूमुळे कार्ड तापायच्या तक्रारी आल्या होत्या आणि गेमच्या कंपनीने सेटिंगच्या फाइलमधे फ्रेमरेट कॅपच्या ओळी टाकायला सांगितल्या होत्या. ड्रायव्हरमधेच कॅप लावा, सगळ्या गेमला लागू होतो.

त्यानंतर अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेजवर चालवणं, आणि माझं मत विचाराल तर फॅन कर्व्हपेक्षा (किती टेंपरेचरला फॅन किती फिरेल ते ठरवणं) हे आधी करा, कारण फॅन वाढवला की उष्णता तेवढीच राहते फक्त आवाज वाढतो, इथे उष्णताच कमी तयार होते. आफ्टरबर्नरमधे कंट्रोल एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकचा कर्व्ह उघडतो. कोअर क्लॉक साधारण उणे २०० करून पूर्ण कर्व्ह खाली घ्या, मग एकच बिंदू, ३००० सिरीजला समजा ८७५ मिलिव्होल्टचा, वर उचलून १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास न्या आणि अप्लाय करा, त्याच्या उजवीकडची रेघ सपाट झाली पाहिजे. गेम क्रॅश झाला तर क्लॉक ३० ने खाली आणा. यात कार्डाला इजा व्हायची भीती नाही, झालाच तर गेम बंद पडतो.

पेस्ट बदलणं सगळ्यात शेवटी, आणि वॉरंटी असेल तर अजिबात खोलू नका, आकड्यांचे स्क्रीनशॉट काढून कार्ड परत पाठवा. माझ्या कार्डाची वॉरंटी संपलेली होती म्हणून मी खोललं. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ केली, मग पीसी बंद करून कार्ड काढलं, स्क्रू तिरपे तिरपे थोडे थोडे सैल केले, आणि हीटसिंक ओढायच्या ऐवजी हलकेच फिरवून सोडवला, कारण झटका दिला की फॅनची वायर तुटते. आत बघतो तर चिपचा मधला भाग आरशासारखा चकचकीत, पेस्टचा थेंब नाही, सगळी पेस्ट कडेला सरकून वाळलेली. जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच कोरडं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, घट्ट जातीची पेस्ट पूर्ण चिपवर पसरवून लावली. पॅड फाटलेले नव्हते म्हणून तसेच ठेवले, बदलायचेच असतील तर जाडी अचूक माहीत पाहिजे, १ मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड बसवला तर हीटसिंक चिपला टेकतच नाही आणि हॉटस्पॉट आधीपेक्षा वाईट होतो.

त्याच जागी, त्याच सेटिंगला अर्धा तास खेळलो, कोअर ७१, हॉटस्पॉट ८३, आणि फॅनचा आवाज हेडफोन काढला तरी जेमतेम येत होता. सहा महिन्यांनी परत मोजलं तेव्हा ७२ आणि ८४.