बेडकाची शरीररचना: आकृतीत आणि उत्तरात या चुका टाळा

अकरावीच्या जीवशास्त्रात आणि नीटच्या तयारीत बेडूक हमखास येतो. तो म्हणजे पावसाळ्यात शेतात, डबक्यात दिसणारा मोठा भारतीय बुलफ्रॉग. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव राना टायग्रिना असते, आजचे शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. त्याच्यावरच्या उत्तरांत होणाऱ्या बहुतेक चुकांची कारणे दोनच. माणसाचे शरीर आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते, म्हणून तेच बेडकातही शोधले जाते. शिवाय आपण पोटाकडून पाहतो आहोत की पाठीकडून, हे न ठरवताच आकृती सुरू होते.

डावे-उजवे उलटे होणे

पोट उघडलेल्या आकृतीत बेडूक उताणा असतो. त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. जठर बेडकाच्या डावीकडे असते, म्हणजे कागदाच्या उजव्या अर्ध्यात. पहिली रेघ ओढण्याआधी कागदाच्या दोन्ही कडांना ‘बेडकाची उजवी’ आणि ‘बेडकाची डावी’ असे लिहा. अलिंदांची (हृदयाच्या वरच्या, रक्त घेणाऱ्या कप्प्यांची) अदलाबदल, जठर भलत्या बाजूला जाणे अशा बऱ्याच चुका एवढ्यानेच थांबतात.

हृदय: सर्वांत जास्त गुण इथेच जातात

बेडकाच्या हृदयात तीन कप्पे असतात: दोन अलिंदे आणि एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा). सायनस व्हेनोसस (शिरांचे रक्त गोळा करणारी पिशवी) आणि कोनस आर्टेरिओसस (निलयातले रक्त बाहेर नेणारी नळी) हे हृदयाला जोडलेले भाग आहेत, त्यांना कप्प्यांत मोजून ‘पाच कप्पे’ लिहू नका. आकृतीत त्यांच्या जागाही नेमक्या हव्यात. त्रिकोणी सायनस व्हेनोसस पाठीकडच्या बाजूला असतो आणि उजव्या अलिंदात उघडतो. कोनस पोटाकडच्या बाजूला, निलयापासून निघतो. म्हणून पोटाकडून काढलेल्या हृदयात सायनस दाखवला, किंवा पाठीकडून काढलेल्यात कोनस समोर आणला, की आकृती चुकली.

कोनसच्या पुढे रक्तवाहिनीचे दोन फाटे होतात आणि प्रत्येक फाट्यातून तीन कमानी निघतात: डोक्याकडे जाणारी कॅरोटिड, शरीराकडे जाणारी सिस्टेमिक आणि फुप्फुस व त्वचेकडे जाणारी पल्मोक्युटेनियस. तिसरीच्या नावातली त्वचा अनेक जण गाळतात, पण बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे ती महत्त्वाचीच आहे. गंमत अशी की त्वचेकडून परतणारे ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या अलिंदात जात नाही. ते शरीराच्या इतर शिरांमधल्या रक्तात मिसळून सायनसमार्गे उजव्या अलिंदात येते. डाव्या अलिंदात येते ते फक्त फुप्फुसांकडचे. ‘निलयात सगळे रक्त पूर्ण मिसळते’ हे वाक्यही सरसकट लिहू नये. निलयाची आतली भिंत स्पंजासारखी असते आणि कोनसमध्ये सर्पिल झडप असते. या दोन्हींमुळे मिसळणे काही प्रमाणात रोखले जाते.

छाती फुगवून श्वास घेणारा बेडूक

बेडकाला बरगड्या नाहीत आणि श्वासपटलही नाही. त्यामुळे ‘छातीची पोकळी’ वेगळी दाखवू नका, फुप्फुसे आणि आतडे एकाच पोकळीत असतात. हवा आत ओढली जात नाही, ढकलली जाते. तोंड बंद असते, तोंडाचा तळ खाली जातो आणि नाकपुड्यांतून हवा आत येते. मग नाकपुड्या बंद होतात, तळ वर उचलला जातो आणि हवा फुप्फुसांत शिरते. पाण्यात मात्र त्वचाच हे काम करते. उन्हाळी आणि हिवाळी सुप्तावस्थेतही तसेच.

तोंडाच्या आतली छिद्रे

दात फक्त वर असतात, जबड्याच्या कडेला आणि टाळूवर दोन लहान गटांत. खालच्या जबड्यात एकही दात नाही. दातांचे काम भक्ष्य धरून ठेवणे, चावणे नव्हे. जीभ पुढे जोडलेली आणि मागे मोकळी असते, तिचे मागचे टोक दुभंगलेले असते. टाळूवरचे दोन उंचवटे म्हणजे डोळ्यांचे फुगवटे, त्यांना ग्रंथी म्हणू नका. श्वासद्वार ही तळावरची उभी फट आहे, अन्ननलिकेचे रुंद तोंड तिच्या मागे.

मूत्राशयाला जोडलेल्या मूत्रवाहिन्या

ही खास माणसावरून आलेली चूक. बेडकात मूत्रवाहिन्या मूत्राशयात उघडत नाहीत, त्या थेट अवस्करात (विष्ठा, मूत्र आणि प्रजननपेशी बाहेर टाकणाऱ्या एकाच कक्षात) उघडतात. पातळ भिंतीचे मूत्राशय अवस्कराच्या पोटाकडच्या बाजूला वेगळे जोडलेले असते आणि मूत्र अवस्करातून त्यात जाते. नरात वृक्कातून (मूत्रपिंडातून) निघणारी एकच नलिका मूत्र आणि शुक्राणू दोन्ही वाहते. मादीत मूत्रवाहिनी आणि अंडवाहिनी अवस्करात स्वतंत्र उघडतात. नराची आकृती काढून ‘मादी’ असे शीर्षक दिले, तर इथेच पकडले जाते.

प्रजनन काळातल्या मादीच्या प्रतिकृतीत किंवा छायाचित्रात आणखी एक घोटाळा होतो. पांढऱ्या, जाड, वेटोळ्या अंडवाहिन्या आतडे म्हणून दाखवल्या जातात. ओळखायचे असे: आतडे एकच असते आणि जठरापासून अखंड पुढे जाते. अंडवाहिन्या दोन, शरीराच्या दोन्ही कडांनी, आणि पुढच्या टोकाला नरसाळ्यासारख्या उघड्या. वृषणांजवळची किंवा अंडाशयाजवळची पिवळी, बोटांसारखी रचना मेदपिंडाची असते. आतड्याजवळचा लहान, गोल, गडद लाल अवयव म्हणजे प्लीहा. तिचा पचनाशी संबंध नाही. हिरवट पिशवी दिसली तर ते पित्ताशय.

पाय आणि सांगाडा

पुढच्या पायाला ४ बोटे, मागच्याला ५, पडदा मागच्या बोटांत. मागच्या पायात घोट्याची दोन हाडे लांबलेली असतात, म्हणून पायाला एक जास्तीचा खंड दिसतो. तो नडगीचा भाग समजून बोटे लगेच काढली, तर पाय आखूड आणि चुकीचा होतो. कण्यात ९ मणके आणि त्यांच्या मागे एक लांब युरोस्टाइल, म्हणजे कण्याच्या टोकाचे दांड्यासारखे हाड. त्याला दहावा मणका म्हणू नका.

नर ओळखताना आकारावर जाऊ नका. स्वरकोष (गळ्याजवळच्या, आवाज मोठा करणाऱ्या पिशव्या) आणि पुढच्या पायाच्या सर्वांत आतल्या बोटावरची जाड गादी पाहा. कानाचा पडदा नर-मादी दोघांतही असतो, बाह्यकर्ण कोणालाच नसतो.

सरावासाठी बेडूक पकडणे

हे करूच नका. हा बेडूक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे आणि शेतातले कीटक खाऊन तो मोठे काम करतो. प्रतिकृती, तक्ते आणि आभासी विच्छेदनाची संगणक प्रणाली पुरेशी आहे. मात्र प्रतिकृतीचे रंग तसेच उतरवू नका: निळा रंग शीर दाखवतो की ऑक्सिजन कमी असलेले रक्त, हे आधी तपासा, कारण फुप्फुसशिरेतले रक्त ऑक्सिजनयुक्त असते.