ट्रॅक्टर शेड आणि वर्कशॉपच्या कोब्यावर इपॉक्सी कसं करावं

शेडच्या जमिनीला रंग द्यायचाय म्हटलं की तालुक्याच्या दुकानात बहुतेक वेळा ऑइल पेंटचा डबा पुढे येतो. तो घेऊ नका. सिमेंटच्या कोब्यात अल्कली असते, खालून ओल आली की ती तेलाच्या रंगाशी भिडते आणि त्याचा अक्षरशः साबण होतो. पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघतात. इपॉक्सीचं तसं होत नाही, कारण तो वाळणारा रंगच नाही. रेझिन आणि हार्डनर असे दोन घटक मिसळले की त्यांची रासायनिक प्रक्रिया होते आणि कडक, डिझेल-ऑइल न पिणारा थर तयार होतो. सांडलेलं ऑइल फडक्यानं पुसता येतं, कोब्याची धूळ उडत नाही, हातातून पडलेला नट लगेच दिसतो.

तरीही इपॉक्सी उखडलेली शेडं कमी नाहीत. असा उखडलेला तुकडा कुठे दिसला तर उलटा करून बघा. पाठीला जवळपास नेहमीच करड्या सिमेंटचा पातळ पापुद्रा चिकटलेला असतो. म्हणजे इपॉक्सीनं पकड सोडलेली नसते, कोब्याची वरची कमकुवत कातडीच त्याच्याबरोबर सुटून आलेली असते. म्हणून या कामाचे पैसे आणि मेहनत जास्त करून डबा उघडण्याच्या आधी खर्च करायची असते.

आधी जागा ठरवा

सगळं शेड करायची गरज नसते. जिथे ऑइल बदलता, पाने-पक्कड घेऊन बसता, फवारणीची औषधं किंवा सुटे भाग ठेवता, तेवढाच भाग केला तरी पुष्कळ. काही जागी तर करूच नये.

गोठ्यात इपॉक्सी नको. ओल्या गुळगुळीत जमिनीवर जनावर घसरलं तर पाय मोडतो. तिथे खाचांचा कोबा किंवा रबरी मॅट बरी. वेल्डिंगच्या कोपऱ्यात ठिणग्यांनी थर जळून काळे ठिपके पडतात, तेव्हा तो कोपरा मोकळा ठेवा किंवा वर जाड पत्रा टाका. चिखलणीची लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर आत येत असेल, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवला जात असेल, तर त्या पट्ट्यात कुठलाही पातळ थर टिकणार नाही. शेडच्या तोंडाशी जिथे थेट ऊन पडतं तिथे इपॉक्सी पिवळा पडून वर्षा-दोन वर्षांत पांढुरका, भुकटीसारखा होऊ लागतो. तिथे वरचा हात उन्हाला टिकणाऱ्या अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा द्यावा लागतो.

ओल तपासा, तीही योग्य महिन्यात

नवा कोबा असेल तर किमान २८ दिवस हात लावू नका. पाणी मारणं थांबल्यावर तो नीट सुकायला त्याहून जास्त दिवस गेले तरी चालतील.

जुन्या कोब्याची सोपी परीक्षा अशी. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा आणि किमान १६ तास, म्हणजे संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, राहू द्या. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल तर जमिनीतून ओल वर येतेय. तीन-चार ठिकाणी लावून बघा, भिंतीलगत आणि मोरीजवळ नक्की.

आपल्याकडे खरी अडचण महिन्याची आहे. मार्च-एप्रिलमध्ये ही चाचणी कोरडीठाक निघते आणि ऑगस्टमध्ये त्याच कोब्याखालून पाणी वर ढकलतं. मग इपॉक्सीला फोड येतात. कोकणात जांभ्यावर बांधलेली शेडं, नदीकाठच्या पाणथळ उसाच्या मळ्यातली शेडं, कॅनॉलच्या खालच्या अंगाची शेडं यांच्याबाबत उन्हाळ्यातल्या चाचणीवर विसंबू नये. पाऊस सरता सरता, सप्टेंबरअखेर चाचणी करा आणि काम दिवाळीनंतर काढा. कोबा ओतताना मुरुमावर प्लॅस्टिक अंथरलं होतं का, हे गवंड्याला विचारता आलं तर विचारा. ज्या कोब्यावर पांढरा लोणा फुटतो, त्याला इपॉक्सीचा नाद सोडलेला बरा. तिथे सिलिकेटचं काँक्रीट हार्डनर मारा. ते कोब्यात मुरून धूळ थांबवतं आणि वर थर नसल्यानं उखडायला काही उरत नाही. दिसायला साधं, पण ओल्या जमिनीवर तेच शहाणपणाचं.

वरची साय काढा

आपले गवंडी कोबा ओतल्यावर वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीनं घोटतात. गुळगुळीत, चमकदार घोटाई म्हणजे चांगलं काम, अशी आपली समजूत. इपॉक्सीसाठी मात्र हीच घोटाई नडते, कारण ती सायीसारखी वरच्या वर राहते. खिळ्यानं जोरात रेघ ओढा: भुकटी निघून खोल चर पडला तर कोबा कच्चा आहे, फक्त पांढरी रेघ उमटली तर ठीक. मग चार थेंब पाणी टाका. मिनिटा-दोन मिनिटांत पाणी मुरून डाग गडद झाला पाहिजे. थेंब तसेच मोत्यासारखे उभे राहिले तर छिद्रं बंद आहेत किंवा तेल मुरलेलं आहे, आणि इपॉक्सीलाही तिथे शिरायला वाट मिळणार नाही.

उपाय एकच, घासणे. छोट्या जागेला हातातल्या ग्राइंडरवर डायमंड कप व्हील लावून काम होतं. मोठ्या शेडला फरशी पॉलिश करणाऱ्याचं मोझॅकचं मशीन आणा, पण त्याला स्पष्ट सांगा की चमक नकोय. सगळ्यात खरबरीत दगड लावून फक्त वरची घोटाई उतरवायची आहे. ते मशीन पाण्यावर चालतं, त्यामुळे निघालेला राडा तिथेच वाळू न देता लगेच धुऊन काढा आणि नंतर कोबा पुरता सुकेपर्यंत थांबा. वाळलेला राडा म्हणजे काढलेलीच घोटाई परत बसवल्यासारखं होतं. कोरडं घासणार असाल तर एन-९५ मास्क आणि गॉगल हवाच. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. तोंडाला गमछा बांधून भागत नाही. घासून झाल्यावर हाताला साधारण मध्यम पॉलिश पेपरसारखी खर लागली पाहिजे.

फरशी धुण्याचं अ‍ॅसिड ओतून हेच काम स्वस्तात होतं असं सांगणारे भेटतील. कोबा अ‍ॅसिडनं खरखरीत होतो हे खरं. पण ते तेलाच्या डागाखाली पोचत नाही, नीट धुतलं नाही तर क्षार मागे ठेवतं, आणि बंद शेडमध्ये त्याच्या वाफेनं पाने, ड्रिल, लेथ सगळं गंजतं. मी तरी वर्कशॉपमध्ये ते वापरा असं सांगणार नाही.

तेल आणि भेगा

घासण्याच्या आधी तेल काढायचं, नंतर नाही. नाहीतर मशीन ते तेल सगळीकडे पसरवतं. ताज्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा. जुन्याला डीग्रीजर किंवा धुण्याच्या सोड्याचं गरम दाट पाणी, कडक ब्रश आणि भरपूर स्वच्छ पाणी. हे दोन-तीनदा करावं लागतं. त्यानंतरही पाण्याचा थेंब उभाच राहत असेल, म्हणजे वर्षानुवर्षं जिथे इंजिन खोललं गेलं अशी जागा असेल, तर तेवढा कोबा इंच-दीड इंच फोडून नवा भरा. भरलेल्या तुकड्यालाही पुन्हा सुकायला वेळ द्यावा लागतो, तेव्हा हे काम सगळ्यात आधी उरका.

खड्डे भरायला इपॉक्सी आणि कोरडी सिलिका वाळू यांचा मसाला करा. नदीची ओली वाळू चालत नाही. भेगांचं मात्र नीट बघा. केसाएवढी, वर्षानुवर्षं तशीच असलेली भेग किंचित रुंद करून इपॉक्सी पुट्टीनं भरता येते. काळ्या मातीवरच्या शेडात उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग असते, ती कडक पुट्टीनं बांधून राहत नाही, शेजारून परत फुटते. अशी भेग आणि मुद्दाम ठेवलेले सांधे लवचीक पॉलियुरेथेन सीलंटनं भरा, आणि रंगातही तिथे रेघ राहू द्या. पाणी साचणारा खोलगट भाग असेल तर उतार आत्ताच सुधारा. पातळ इपॉक्सीनं उतार बदलत नाही.

माल किती लागेल

हिशेब सोपा आहे. पूर्ण घन इपॉक्सीचा, म्हणजे ज्यात उडून जाणारं काही नाही अशाचा, १ लिटर १० चौरस मीटरवर १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर देतो. २० बाय ३० फुटांचं शेड म्हणजे ६०० चौरस फूट, सुमारे ५६ चौरस मीटर. रोलरनं दोन हात मिळून २०० मायक्रॉन हवे असतील तर ११ लिटरच्या वर, वाया जाणारा धरून साडेबारा. प्रायमर वेगळा, आणि तो कोबा किती पितो त्यावर. हाच थर २ मिलिमीटरचा, ओतून सपाट होणारा केला तर माल दहापट लागतो. पाण्यावरचे किंवा थिनरचे इपॉक्सी स्वस्त दिसतात, पण त्यातला काही भाग उडून जातो; डब्यावर घन भाग (व्हॉल्यूम सॉलिड्स) ५० टक्के लिहिला असेल तर तेवढ्याच जाडीला दुप्पट लिटर लागतील. काम ठेक्यानं देत असाल तर चौरस फुटाचा दर ऐकण्याआधी वाळल्यावर किती मायक्रॉन मिळणार ते विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या.

सगळा माल आणण्याआधी कोपऱ्यात एक-दोन चौरस फुटांवर लहान पॅक लावून बघावा. आठवड्यानं पटाशीनं खरवडा. पापुद्रा सहज निघाला तर अजून घासायचं बाकी आहे.

दिवस आणि वेळ

पावसाळ्यात नको. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की थरावर चिकट, पांढुरका पडदा येतो. विदर्भातल्या मे महिन्यातही नको, कारण उष्णतेनं मिसळलेला माल बादलीतच गोठतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. त्यातही निफाडसारख्या ठिकाणी पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा इपॉक्सी रखडतो. थंडीची लाट ओसरू द्या.

पत्र्याच्या शेडात हिवाळ्यात आणखी एक भानगड असते. रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला दव जमतं आणि पहाटे टपकतं. ताज्या थरावर ते पडलं की पांढरे ठिपके कायमचे. त्यामुळे वेळ साधावी लागते. प्रायमर दुपारी तीनच्या सुमारास लावा. कोबा तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बुडबुडे येतात, तो निवायला लागला की हवा आत ओढली जाते आणि प्रायमरही बरोबर आत जातो. दुसऱ्या दिवशी दव पूर्ण सुकल्यावर, दहा-अकराच्या पुढे, पहिला हात. म्हणजे रात्रीपर्यंत तो धरतो. टपकणारी जागा माहीत असेल तर त्याखाली ताडपत्री ताणून बांधा.

मिसळणं आणि लावणं

दोन्ही घटक डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, आणि ते प्रमाण वजनाचं आहे की मापाचं हे वाचून. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त टाकायची खोड असते. त्यानं वेग वाढत नाही, उलट जादा हार्डनर तसाच राहून थर चिकट होतो. शक्यतो पूर्ण पॅक एकदम मिसळा. हळू फिरणाऱ्या ड्रिलला पात्याची दांडी लावून तीन मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडून घ्या, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. पहिल्या बादलीच्या तळाशी राहिलेलं खरवडून जमिनीवर लावू नका; तिथेच न मिसळलेला माल असतो आणि तोच डाग महिनाभर चिकट राहतो.

मिसळल्यावर घड्याळ सुरू होतं. आपल्या हवेत बहुतेक मालाला २० ते ४० मिनिटंच मिळतात, आणि बादलीत साठा जितका मोठा तितका तो स्वतःच तापून लवकर जातो. म्हणून मिसळलेलं लगेच जमिनीवर पट्ट्या-पट्ट्यांनी ओता. भिंतीच्या कडा एकानं ब्रशनं आधी करायच्या, दुसऱ्यानं मागून रोलर फिरवायचा, आतल्या भिंतीकडून दाराकडे येत. रोलर केस न सोडणारा घ्या. एकट्यानं हे काम होत नाही. वीज जाण्याच्या वेळा बघूनच माल मिसळा.

ओलं झाल्यावर घसरू नये म्हणून पहिला हात ओला असतानाच वर कोरडी बारीक सिलिका वाळू शिंपडा, धरल्यावर सुटी वाळू झाडून काढा आणि मग वरचा हात द्या. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेल्या मुदतीपेक्षा, साधारण एक-दोन दिवसांपेक्षा, जास्त वेळ गेला तर मधला थर पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय पुढचा चिकटत नाही.

हातात नायट्रिलचे हातमोजे घाला. कच्चा इपॉक्सी कातडीला वारंवार लागला तर अ‍ॅलर्जी होते आणि एकदा झाली की पुढे जरासा स्पर्शही सोसत नाही. लागलंच तर साबणानं धुवा. थिनरनं हात पुसले तर तो आणखी आत जातो. दारं उघडी ठेवा, आणि थिनरचा माल असेल तर बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर सगळं बंद.

वापर

चोवीस तासांनी चालता येतं. ट्रॅक्टर मात्र सात दिवस बाहेर राहू द्या. गाडी रस्त्यावरून तापलेल्या टायरनं येऊन कच्च्या थरावर उभी राहिली की टायरच्या आकाराचा तुकडा उचलून नेते. जॅकखाली फळी टाकायची सवय लावा. धुताना साधा साबण पुरतो. संडासाचं अ‍ॅसिड आणू नका. कुठे टवका उडालाच तर पावसाळ्याच्या आत तेवढी जागा घासून भरा, कारण उघड्या कडेतून पाणी आणि डिझेल शेजारच्या थराखाली शिरतं. त्यासाठी वरच्या रंगाचा एक छोटा पॅक, न मिसळलेला, सावलीत ठेवून द्या आणि त्यावरची मुदतीची तारीख बघून घ्या.