पहिली मिस्सा कुणाच्या घरात झाली? कोल्हापुरातलं ते घर असं शोधा

चर्च बांधून होण्याआधी कॅथलिक कुटुंबं कुणाच्या तरी सोप्यात जमत. बाहेरगावचे फादर अधूनमधून येत, टेबलावर वेदी मांडत आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करून पुढच्या गावी जात. त्या घरावर पाटी नसते. कोल्हापुरातली जुनी घरं भराभर पडून तिथं अपार्टमेंट उभी राहताहेत, त्यामुळं हा शोध लांबणीवर टाकू नका.

१. आधी ज्येष्ठांकडे जा

"पहिली मिस्सा कुठं झाली?" असं थेट विचारलं, की ऐकीव उत्तर मिळतं. त्यापेक्षा फादर स्टेशनवरून चालत यायचे की टांग्यानं, जेवायला कुणाकडे असायचे, नाताळला गर्दी झाली की पोरं कुठं बसायची, हे विचारा. कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली, म्हणजे स्टेशनचा उल्लेख असलेली आठवण त्यानंतरची.

एक गोष्ट नीट तपासा: फादर यायचे की पाळकसाहेब, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मगुरू? अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनचं काम आहे. त्यामुळं 'मिशनचा बंगला' म्हणून दाखवलेली जागा बहुधा कॅथलिकांची नसते.

२. बाप्तिस्म्याची नोंदवही

माझ्या मते खरा धागा इथंच मिळतो. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला भाग, स्वतंत्र होण्याआधीच्या नोंदी ज्या गावाहून फादर येत, तिथल्या वहीत असण्याचा संभव असतो. तेव्हा आधी मूळ पॅरिश कुठली ते फादरांना विचारा. पुणे धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, १८८६ चा. २००५ मध्ये त्यातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. म्हणून जुन्या पत्रांसाठी दोन्हीकडच्या बिशप कार्यालयांना लेखी अर्ज करा.

जुन्या नोंदी अनेकदा लॅटिनमध्ये असतात. तारीख, फादरांची सही, आईवडील आणि धर्ममातापिते (बाप्तिस्म्याला मुलाचे पालक म्हणून उभे राहणारे) उतरवून घ्या. विधी घरी झाला असेल तर 'इन डोमो' असा शेरा सापडू शकतो. शेरा नसला तरी तेच जोडपं अनेक मुलांचे धर्ममातापिते म्हणून पुन्हा पुन्हा दिसलं, तर त्यांच्या घराकडं वळा. हा पुरावा नव्हे, पण दिशा पक्की मिळते. वह्या खासगी असतात, त्यामुळं फादरांच्या परवानगीशिवाय फोटो काढू नका.

३. नावावरून घर

आता कुटुंबाचं नाव आणि अंदाजे काळ हाताशी आहे. सिटी सर्व्हे ऑफिसात मालमत्ता पत्रक आणि जुन्या चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. अर्जात सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड, ए ते ई यांपैकी जो असेल तो, दोन्ही लिहा.

नोकरीनिमित्त आलेली कुटुंबं बहुतेक भाड्यानं राहत, आणि मालमत्ता पत्रकावर भाडेकरू नसतो. तिथं नाव मिळालं नाही म्हणून घर चुकलं असं समजू नका. अशा वेळी महापालिकेतल्या घरफाळ्याच्या जुन्या नोंदी विचारा, कारण त्यात मालकाबरोबर भोगवटादाराचंही नाव असतं. घर नंबर काळाच्या ओघात बदलतात, म्हणून शेजारच्या दोन्ही घरांचे मालकही टिपून ठेवा. नंबर बदलला तरी शेजारावरून जागा पटते.

४. दरबारी कागद आणि वाचनालय

जागा किंवा परवानगी मागणारा अर्ज संस्थानाकडं गेला असेल, तर कोल्हापूर पुरालेखागारात विचारणा करा. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं. त्याआधीचे बरेच कागद मोडीत आहेत, सोबत मोडी वाचणारा माणूस न्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथं स्थानिक जुनं छापील साहित्य पाहा. मुंबईचं 'दि एक्झामिनर' हे कॅथलिक साप्ताहिकही १८५० चंच. जुन्या अंकांत गावोगावच्या मिशनच्या बातम्या शोधा.

५. मग दार ठोठवा

एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे, उदाहरणार्थ नोंदवही आणि घरफाळा, एकाच घराकडं बोट दाखवत असतील तरच 'हेच घर' म्हणा. एकच असेल तर 'बहुधा' लिहा. आता राहणाऱ्यांना आधी समजावून सांगा, की आपल्याला जागेवर हक्क सांगायचा नाही, फक्त इतिहास नोंदवायचा आहे. त्यांच्या संमतीनं दर्शनी भाग, सोपा, तुळया-खांब यांचे फोटो घ्या. घर पडलं असेल तर जागेचा नकाशा काढा. सगळ्या कागदांच्या प्रती, कुठला कागद कुठून मिळाला ते लिहून, एक संच पॅरिश कार्यालयात आणि एक वाचनालयात द्या.