लोणावळा ते कोंदिवडे एका दिवसात: वेळ खालून मोजायची

लोणावळा ते भीमाशंकर ही रेंज ट्रेकवाल्यांची आवडती वाट आहे, पण तिला तीन-चार दिवस लागतात आणि ऑफिसमधून एवढी सुट्टी काही निघत नाही. तिचा पहिला तुकडा मात्र एका रविवारी होतो. लोणावळा स्टेशनवरून राजमाची किल्ल्यापर्यंत चालत जायचं, आणि तिथून पुढे भीमाशंकरच्या बाजूला न जाता कोंडाणे लेण्यांच्या वाटेने खाली कोंदिवडे गावात उतरायचं, मग कर्जतहून लोकल. बरेच जण उलटं करतात, कोंदिवड्याहून चढतात. मी नवीन लोकांना नेहमी लोणावळ्याहूनच सुरू करायला सांगतो कारण घाट चढायचं काम रेल्वे करते, कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि ती आपल्याला 37 ला 1 असा चढ चढवून वर आणून सोडतात, आपण फक्त उतरायचं.

पण या "फक्त उतरायचं"मध्येच लोक फसतात. पहिले 15-16 किलोमीटर जीपचा कच्चा रस्ता आहे, जवळजवळ सपाट, गप्पा मारत होतो. खरी मेहनत शेवटी, राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावातून खाली दरीत उतरताना, आणि तेव्हा पाय थकलेले असतात, ऊन उतरणीला लागलेलं असतं, पाणी संपत आलेलं असतं. म्हणून प्लॅन करताना वेळ सकाळपासून पुढे मोजू नका, संध्याकाळपासून मागे मोजा.

हिशोब असा. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहालाच मावळतो आणि झाडीत त्याच्या आधीच दिसेनासं होतं, म्हणून साडेपाचला कोंदिवड्यात असायचं. उधेवाडी ते कोंदिवडे, लेणी बघत, आरामात तीन तास धरा. म्हणजे उधेवाडी अडीचला सोडायची. जेवणाला अर्धा तास, किल्ल्यावर जाऊन यायला दीड तास, म्हणजे उधेवाडीत साडेबाराला पोचायला हवं, आणि त्यासाठी लोणावळ्याहून सव्वाआठला चालायला लागायला हवं. सीएसएमटीहून 5:40 ची इंद्रायणी असते, दादर, ठाणे, कल्याणला थांबते आणि आठच्या आसपास लोणावळ्याला सोडते, तीच पकडा. टाइम आदल्या रात्री ॲपवर एकदा बघून घ्या. त्यानंतरच्या गाडीने गेलात तर सगळा हिशोब कोलमडतो, मग किल्ला सोडून द्यायची तयारी ठेवा.

स्टेशनवर पोहे-चहा उरका, पाणी भरा (माणशी तीन लिटर, कमी नाही) आणि तुंगार्लीच्या रस्त्याला लागा. बंगले, हॉटेलं मागे पडली की डांबर संपतं. पुढे वाट चुकण्यासारखी फारशी नाही, फक्त वळवंडचा फाटा लागतो तिथे राजमाचीचा रस्ता विचारून घ्या, कारण भीमाशंकरवाले त्या बाजूला जातात आणि त्यांच्या मागे मागे आपणही चालत सुटतो. रस्त्याला शनिवार-रविवारी बाईक आणि जीप खूप, धूळ उडते, रुमाल जवळ ठेवा. या टप्प्यात फोटोसाठी दर दहा मिनिटांनी थांबू नका, इथे गमावलेला अर्धा तास खाली जंगलात महागात पडतो.

उधेवाडीत जेवण आधी फोन करून सांगून ठेवा. पिठलं, भाकरी, ठेचा, वर ताक, गरम गरम, घराच्या ओट्यावर बसून. ऐनवेळी गेलात तरी कुणी उपाशी ठेवणार नाही पण चूल पेटून भाकऱ्या होईपर्यंत तास जातो. पैसे रोख न्या, नेटवर्कचा भरवसा नाही. गेल्यावर मावशींना सांगायचं "आम्ही वर जाऊन येतो, दोनला बसतो" आणि बॅगा तिथेच ठेवून किल्ल्याकडे निघायचं.

राजमाचीला दोन बालेकिल्ले आहेत, श्रीवर्धन आणि मनरंजन, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं मंदिर. एका दिवसात दोन्ही करायचा हट्ट नको. श्रीवर्धन उंच आहे, साधारण 3000 फूट, तो करा. वरून एका बाजूला ढाकचा किल्ला दिसतो, दुसरीकडे नागफणीचा सुळका, आणि खाली उल्हास नदीचं खोरं. इथे उभं राहिलं की कळतं हा किल्ला इथेच का बांधला. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून घाटावर जाणारा माल याच बोरघाटाच्या परिसरातून वर चढायचा, आणि त्यावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही. पण हो, उधेवाडीत पोचायलाच सव्वा वाजून गेला असेल तर वर जाऊ नका. किल्ला पुढच्या वेळी बघा.

आता उतार. गावातूनच कोंदिवड्याची वाट विचारा, सुरुवातीची शंभर-दोनशे मीटर कुणी दाखवली तर उत्तम, कारण तिथेच गुरांच्या वाटा फुटतात. मग झाडीतून सलग उतार, सुटे दगड आणि वाळलेली पानं, त्यामुळे पाय सरकतो. छोटी पावलं टाका, गुडघे किंचित वाकवून, आणि बूट निघायच्या आधी घोट्यापाशी घट्ट बांधा नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात. काठी असेल तर इथे काढायची. ग्रुपमधल्या सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवा. आम्ही एकदा जेवणात रमलो आणि साडेचारला उतरायला घेतलं, एका मैत्रिणीचा गुडघा दुखायला लागला, लेण्यांच्या वर मिट्ट अंधार झाला आणि सात जणांत टॉर्च दोन. कुणाला काही झालं नाही पण ती भीती मी विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येकाचा स्वतःचा हेडटॉर्च, दिवसाचा ट्रेक असला तरी.

दीड-दोन तासांत कोंडाणे लेणी. वेळेत आला असाल तर इथे अर्धा तास नक्की बसा, घाई करू नका. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, चैत्यगृहाचा, म्हणजे प्रार्थनेच्या दालनाचा, दर्शनी भाग लाकडी बांधकामासारखा कोरलेला आहे, तुळया, जाळ्या सगळं दगडात. चैत्याच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं असा. कारागिराने स्वतःचं आणि गुरूचं नाव सोडून जावं, ते आपल्याला आज वाचता यावं, मला दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं. भिंतींना हात लावू नका, नावं कोरू नका, कुणी कोरत असेल तर सरळ बोला.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये लेण्यांसमोर वरून धबधबा पडतो, फोटो सगळ्यांनी बघितलेत, पण त्याच्या खाली उभं राहू नका, पाण्यासोबत वरून दगड येतात. उतारावरचे ओढे अर्ध्या तासाच्या जोरदार सरीने चढतात. पाणी गढूळ झालं, आवाज बदलला, गुडघ्याच्या वर गेलं, यातलं एक जरी झालं तरी ओलांडायचं नाही, सर थांबली की थोड्या वेळाने पाणी उतरतं, नाहीतर वर गावात परत जाऊन मुक्काम करायचा. कधी कधी प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं, निघायच्या आधी बातम्या बघा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरावं. अडचण आलीच तर 112, आणि या भागात लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही रेस्क्यू टीम काम करते, त्यांचा नंबर घरूनच सेव्ह करून न्या.

लेण्यांपासून कोंदिवडं अर्धा-पाऊण तास. तिथून कर्जतला टमटम किंवा रिक्षा, संध्याकाळी शेअरमध्ये मिळेलच असं नाही म्हणून उधेवाडीत जेवण सांगतानाच तिथल्या लोकांकडून खालच्या रिक्षावाल्याचा नंबर घ्या आणि साडेपाचची वेळ सांगून ठेवा, भाडंही तेव्हाच ठरवा. कर्जत स्टेशनवर वडापाव घ्या. बऱ्याच लोकल तिथूनच सुटतात त्यामुळे खिडकी मिळते, सीएसएमटीपर्यंत दोन तासांच्या वर लागतात, तेवढ्यात बूट सैल करून पाय लांब करा, कल्याणला गर्दी चढायच्या आत.