औपचारिक भोजनात पहिल्यांदा वाढताना

हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षी मी पुण्यातील एका हॉटेलच्या बँक्वेट विभागात प्रशिक्षणार्थी होतो, आणि परदेशी शिष्टमंडळाच्या सन्मानार्थ दिलेल्या भोजनात वाढण्याचे काम तेव्हा प्रथमच माझ्या वाट्याला आले. या कामावर नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की मेनूच्या आधी पाहुण्यांची यादी पाठ करा. प्लेटमध्ये काय येणार आणि ग्लासात काय ओतायचे, हे त्या यादीवरूनच ठरलेले असते.

त्या रात्री मी ती यादी वरवर वाचली होती. माझ्याकडच्या आठ पाहुण्यांपैकी एक गृहस्थ जैन होते. स्वयंपाकघराने त्यांची वेगळी प्लेट तयार ठेवली होती, परंतु खुर्चीचा क्रमांक न पडताळता मी त्यांच्यापुढे इतरांचीच, बटाटा आणि लसूण असलेली प्लेट ठेवली. ते काहीही बोलले नाहीत. शेजाऱ्यांशी गप्पा मारत त्यांनी शेवटी आलेली फळे तेवढी खाल्ली. अशा भोजनात पाहुणा तक्रार करत नाही, उपाशी उठतो, हे मला तेव्हा कळले आणि त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून खुर्चीचा क्रमांक, आहार, ॲलर्जी आणि पेय यांची चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने लिहून खिशात ठेवतो.

वाइनचा अभ्यास जरूर करा, पण यजमान कोण हे आधी पाहा. राष्ट्रपती भवनातील मेजवानीत मद्य दिले जात नाही. ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या भारत मंडपममध्ये जी-२० च्या पाहुण्यांना दिलेले भोजनही शाकाहारी आणि मद्याविना होते. त्यात फणस होता, भरडधान्यांचे पदार्थ होते, सावा या भरडधान्याचे पुडिंग होते. आपल्या मातीतल्या धान्यांवर एवढी मोठी मेजवानी उभी राहू शकते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. यजमान खासगी असेल तर मात्र वाइन असू शकते. नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन साधारण ८ ते १० अंशांवर द्यावी आणि रेड १६ ते १८ अंशांवर; पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीचे तापमान याच्या कितीतरी वर असते, म्हणून रेडसुद्धा थोडा वेळ गार करावी लागते. वाइन पाहुण्याच्या उजव्या बाजूने ओतावी, ग्लास काठोकाठ भरू नये, आणि पाहुण्याने ग्लासावर हात धरला तर पुन्हा विचारू नये.

राष्ट्रपती भवनाच्या भोजनगृहात एका लांब टेबलाभोवती १०४ पाहुणे बसू शकतात आणि कधी वाढायचे, कधी उचलायचे, हे वाढणाऱ्यांना दिव्यांच्या खुणेने कळते. आमच्याकडे ते काम कॅप्टनची, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाची नजर करते. प्रमुख पाहुणे बहुधा यजमानाच्या उजव्या हाताला असतात. त्यांच्यापुढे प्लेट गेल्याशिवाय तुमची प्लेट खाली ठेवू नका, आणि एकाचे संपले म्हणून त्याची प्लेट आधी उचलू नका.

दुभाष्यांकडेही लक्ष असू द्या. ते अनेकदा पाहुण्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसतात, भोजनभर बोलतात आणि स्वतः काहीच खात नाहीत. त्यांचे जेवण कार्यक्रमापूर्वी वेगळ्या खोलीत, गरम आणि वेळेवर मिळेल याची व्यवस्था ब्रीफिंगच्या, म्हणजे कार्यक्रमापूर्वी सूचना दिल्या जातात त्या वेळीच विचारून घ्या.