संकटकाळासाठी रायफलचं कॅलिबर निवडताना या चुका टाळा

रस्ते बंद, संपर्क तुटलेला, मदत कधी येईल याचा पत्ता नाही. अशा वेळी हाताशी कोणत्या कॅलिबरची (म्हणजे नळीच्या कोणत्या व्यासाची आणि कोणत्या काडतुसाची) रायफल असावी, हा विषय निघाला की बोलणं लगेच ताकदीवर घसरतं. कोणती गोळी किती लांब जाते, किती खोल शिरते, यावर तासन्‌तास वाद रंगतो. मला तो वाद अर्ध्याहून जास्त फुकट वाटतो. कॅलिबर ठरवायचं ते काडतुसांच्या हिशेबाने: किती वाहून नेता येतील, संपली तर पुन्हा मिळतील का, आणि त्या रायफलने आपल्या हातून नेम लागतो का. ताकदीचा आकडा त्यानंतर. (परवान्यात आणि कायद्यात बसेल तेच घ्यायचं, हे गृहीत धरलं आहे. काही देशांत लष्करी कॅलिबर सामान्य माणसाला ठेवताच येत नाहीत.)

चूक: ताकदीचा आकडा बघून भुलणं

.२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाची गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्यात साधारण १९० ज्यूल ऊर्जा असते. .३०८ विंचेस्टरमध्ये ती साडेतीन हजारांच्या घरात जाते. एवढा फरक दिसला की मोठंच घ्यावंसं वाटणार. पण पोटासाठी शिकार करायची वेळ आलीच तर हाती लागणारं बहुतेक ससा, खार किंवा पक्षी असतं. सशावर .३०८ झाडली तर खाण्याजोगं फारसं काही उरत नाही.

ज्यांचं कामच हे होतं, त्यांनी काय निवडलं ते बघा. अमेरिकी हवाई दलाने विमान कोसळून अडकलेल्या वैमानिकांसाठी ठेवलेल्या एम-६ या घडीच्या बंदुकीत वरची नळी .२२ हॉर्नेटची होती आणि खालची .४१० शॉटगनची. नंतर आर्मलाइटने काढलेली एआर-७ तर .२२ एलआरचीच, तिचे भाग सुटे करून दस्त्यात भरता येतात. यातलं काहीही अस्वलासाठी नव्हतं. तात्पुरतं पोट भरावं आणि ओझं होऊ नये, एवढीच अपेक्षा होती.

अपवाद एकच, पण मोठा: जिथे माणसावर चालून येणारं जनावर आहे तो प्रदेश. ध्रुवीय अस्वलांच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर किमान .३०८ किंवा .३०-०६ वापरण्याचा सल्ला दिला जातो, आणि तिथे .२२ घेऊन फिरणं शुद्ध वेडेपणा. म्हणून पहिला प्रश्न ‘किती ताकद?’ हा नसून ‘अन्नासाठी की संरक्षणासाठी?’ हा आहे. त्याचं उत्तर न ठरवता घेतलेली रायफल दोन्हीकडे अर्धवट पडते.

चूक: वजनाचा हिशेब न करणं

तराजू घेऊन बसा. एक काडतूस .२२ एलआरचं साडेतीन ग्रॅमच्या आसपास, ५.५६ चं (हे आणि पुढचं माप मिलिमीटरमध्ये, .२२ आणि .३०८ इंचात) १२, ७.६२×३९ चं १६-१७, तर .३०८ चं २४-२५ ग्रॅम भरतं. म्हणजे एका किलोत .२२ ची तीनशेच्या जवळ, ५.५६ ची ऐंशीएक, ७.६२×३९ ची साठ आणि .३०८ ची चाळीस. .३०८ ची दोनशे काडतुसं घेतली की पाच किलो झाले, रायफल अजून वेगळीच. तेवढ्या वजनात पाच लिटर पाणी बसतं. पायी चालणाऱ्याने हा हिशेब घरीच केलेला बरा.

चूक: खास कॅलिबरच्या प्रेमात पडणं

कागदावर सुंदर दिसणारी कॅलिबर ढिगाने आहेत. सपाट मार्ग, कमी धक्का, लांबचा पल्ला, सगळं खरं. पण पेटी संपल्यावर दुसरी पेटी कुठून आणणार?

याचा नमुना अंतराळवीरांच्या शस्त्रात सापडतो. मार्च १९६५ मध्ये वोस्खोद-२ हे सोव्हिएत यान ठरलेल्या जागेपासून फार दूर, बर्फाळ तैगाच्या जंगलात उतरलं. त्यातल्या लिओनोव आणि बेल्यायेव या अंतराळवीरांना मदत पोहोचेपर्यंत थंडीत दिवस काढावे लागले, आणि आसपास लांडगे-अस्वलांची भीती होती. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांसाठी टीपी-८२ नावाचं तीन नळ्यांचं पिस्तूल तयार झालं: वर शॉटगनच्या दोन नळ्या, खाली ५.४५×३९ ची एक रायफलची नळी, आणि दस्ता असा की त्याचं पातं काढून झाडं तोडता यावीत. १९८६ पासून ते यानातून जाऊ लागलं. वीसेक वर्षांनी ते बाजूला पडलं, कारण त्याची खास बनवलेली काडतुसं जुनी होऊन भरवशाची राहिली नव्हती. शस्त्र धडधाकट, खाद्य संपलेलं.

कॅनडाच्या उत्तरेतल्या रेंजर्सची (तिथल्या लष्कराच्या राखीव दलाची) गोष्ट जरा वेगळी. त्यांनी .३०३ ची ली-एनफील्ड कित्येक दशकं वापरली. आपल्याकडे जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात, तीच. कडाक्याच्या थंडीतही ती चालायची. पण सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा नवी रायफल आणावी लागली. आणि नवी कोणती निवडली? एखादं झगमगीत मॅग्नम (जादा जोराचं काडतूस) नव्हे, तर दर वेळी हाताने बोल्ट ओढायची बोल्ट-अ‍ॅक्शन सी-१९, .३०८ मध्ये. १९५२ पासून बाजारात असलेलं, जवळपास सगळीकडे मिळणारं कॅलिबर.

माझ्यापुरतं सांगायचं तर एकच रायफल ठेवायची असेल आणि मोठं जनावर नसेल तर .२२ एलआर. मोठं जनावर असेल तर .३०८, किंवा त्या भागात सगळ्यात सहज मिळणारं तत्सम सेंटरफायर (पेटवणारं मिश्रण बुडाच्या मधोमध असलेलं काडतूस). एकाच घरात चार-चार कॅलिबर जमवण्याचा नाद तर सोडाच. त्यातून पुढची चूक जन्माला येते.

चूक: नळीवरचा शिक्का न वाचणं

बाकीच्या चुकांनी गैरसोय होते, या चुकीने डोळा किंवा हात जाऊ शकतो.

‘७.६२’ एवढं वाचून काडतूस उचलू नका. ७.६२×३९, ७.६२×५१ आणि ७.६२×५४आर ही तीन अगदी निराळी काडतुसं आहेत. केसची (दारू आणि गोळी धरणाऱ्या धातूच्या नळकांड्याची) लांबी वेगळी, आकार वेगळा, गोळीचा व्यासही तंतोतंत सारखा नाही. शिक्क्यातला दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो बाहेरून सारखीच दिसतात. ५.५६ चं चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) असेल तर .२२३ खुशाल चालवा. उलट मात्र करू नका: .२२३ च्या चेंबरमध्ये नळीतला पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) सुरू होण्याआधीची मोकळी जागा कमी असते, त्यामुळे ५.५६ झाडल्यास दाब धोकादायक वाढू शकतो.

सगळ्यात फसवं .३०० ब्लॅकआउट हे काडतूस. त्याला ५.५६ चंच मॅगझिन आणि तोच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) चालतो. चुकून ते ५.५६ च्या रायफलीत गेलं, तर काही वेळा गोळी केसमध्ये मागे ढकलली जाऊन बोल्ट बंदही होतो. मग ७.६२ मिमीची गोळी ५.५६ च्या नळीत घुसायला बघते आणि रायफल फुटते. दोन्ही बाळगणाऱ्याने मॅगझिनला वेगळ्या रंगाची टेप लावावी, आणि एका वेळी एकाच प्रकारची काडतुसं बाहेर काढावीत.

.२२ च्या घराण्यातही घोटाळा आहे. .२२ मॅग्नमची केस एलआरपेक्षा जाड असते, ती एलआरच्या चेंबरमध्ये जात नाही. एलआर मात्र मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैलसर बसते आणि झाडताना केस फाटते.

नळीवर चेंबरपाशी कोरलेलं आणि काडतुसाच्या बुडावर गोल फिरून उमटवलेलं, दोन्ही वाचा. अंधारात, घाईत, थंडीने बोटं बधिर झालेली असताना हे जमणार नाही. म्हणून भरण्याआधी, उजेडात वाचायचं.

नेम बसत नसेल तर

आधी स्वतःला तपासा. कुणाला तरी मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मधे एक डमी (दारू नसलेलं) काडतूस लपवायला सांगा. त्या डमीवर चाप ओढल्यावर आवाज होत नाही, पण नळीचं तोंड झटक्यात खाली गेलं, तर तुम्ही धक्क्याला घाबरून आधीच आकसताय. कॅलिबर तुमच्यासाठी जड आहे किंवा सराव कमी आहे. हे बहुतेकांना मान्य करायला आवडत नाही आणि दोष दुर्बिणीला दिला जातो.

काडतुसाचा प्रकार बदलला की झिरो (ठरावीक अंतरावर नेम आणि मार जुळवणं) पुन्हा तपासा. गोळीचं वजन बदललं तरी मार सरकतो. कागदावर गोल भोकाऐवजी आडवी, चावीच्या भोकासारखी छिद्रं दिसली तर गोळी हवेत डगमगतेय. ५.५६ मध्ये नळी १२ इंचात एक फेरा देणारी असेल तर ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी स्थिर जाते, ७७ ग्रेनची जात नाही. जड गोळीला सात-आठ इंचात एक फेरा लागतो.

.२२ एलआर ५० मीटरला झिरो केली असेल तर १०० मीटरला गोळी पंधरा-वीस सेंटिमीटर खाली लागते. ससा तेवढ्या उंचीचाही नसतो. अंतर कमी करा.

उडाली नाही, किंवा आवाज दबका आला तर

चाप ओढला आणि नुसतं ‘टक’ झालं, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. .२२ एलआरसारख्या रिमफायर काडतुसांत हे जास्त घडतं, कारण पेटणारं मिश्रण कडेला फिरवून भरलेलं असतं आणि एखाद्या जागी ते नीट बसलेलं नसतं. काडतूस काढून थोडं फिरवून परत बसवलं तर बरेचदा उडतं. कडाक्याच्या थंडीत वारंवार असं होत असेल तर काडतुसाला दोष देण्याआधी बोल्टमधलं घट्ट झालेलं तेल पुसा. सेमी-ऑटो .२२ दर फैरीला अडकत असेल तर पेटीवर ‘सबसॉनिक’ (आवाजाहून कमी वेगाची गोळी) लिहिलंय का बघा. त्या काडतुसात बोल्ट पूर्ण मागे ढकलण्याइतका जोर बरेचदा नसतो.

आवाज नेहमीपेक्षा दबका आणि धक्का हलका वाटला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटेल. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

जुन्या लष्करी साठ्यातली स्वस्त काडतुसं वापरली असतील तर त्यांचा प्रायमर (बुडातलं पेटवणारं मिश्रण) नळी गंजवणारा असू शकतो. त्यातले क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओता, कोरडी करा आणि मगच तेल लावा.